नेव्हरविंटर नाइट्स : मला कोबोल्ड होऊन खेळायचंय

खविस (धागाकर्ता)

नेव्हरविंटर नाइट्स अजून खेळणारे इथे किती उरलेत कल्पना नाही, पण परवा खरडफळ्यावर दोघातिघांनी ओळख दाखवली म्हणून धागाच काढतो. मूळ गेम बायोवेअरचा, २००२चा. माझ्याकडे बीमडॉगने २०१८ साली काढलेली एन्हान्स्ड एडिशन आहे (पुढे ईई म्हणतो).

मला त्यातला 'शॅडोज ऑफ अनड्रेंटाइड' (गेमची पुरवणी) कोबोल्ड (सरड्यासारखा दिसणारा बुटका राक्षस) होऊन खेळायचाय. ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हिलटॉप नावाचं डोंगरातलं बर्फाळ गाव. तिथे ड्रोगन नावाचा ड्वार्फ म्हातारा चार पोरांना धाडसाचे धडे देतो, आपण त्यातलेच एक. सुरुवातीलाच कोबोल्डांची धाड पडते, म्हाताऱ्याला विष चढतं, त्याने जपून ठेवलेल्या वस्तू पळवल्या जातात आणि आपण शोधाला निघतो. आता त्याच्या विद्यार्थ्यांत झॅनोस हा अर्धा ऑर्क आहेच, म्हणजे म्हातारा जातपात बघून प्रवेश देत नाही. मग त्याने कोबोल्डाचं एखादं पोर ठेवून घेतलं असेल तर काय बिघडलं? आणि धाड पडल्यावर सगळं गाव त्या पोराकडे कसं बघेल? मला हे खेळायचंय.

अडलंय कुठे ते सांगतो. कोबोल्ड जमात सुरुवातीच्या यादीतच आणावी, की आधी दुसरं काही होऊन मागाहून रूप बदलावं? हातातली शस्त्रं आणि अंगावरचं चिलखत यांचं काय होतं? आणि खरी डोकेदुखी ही की रूप बदललं तरी लोक मला माणूस समजूनच बोलतात. त्यावर कुणी काही केलंय का?

तयार मॉड (खेळाडूंनी गेममध्ये केलेले बदल) आहेत हे माहीत आहे. पीआरसी, म्हणजे प्लेअर रिसोर्स कन्सॉर्शियमवाल्यांचा, टाकून बघितला. जमातींची यादी हीऽऽ लांब आहे, पण हिलटॉप जसंच्या तसं.

चकलीपोर

एवढा उपद्व्याप कशाला? स्कायरिममध्ये कन्सोल उघडा, प्लेअर डॉट सेटरेस लिहा, पुढे ड्रॉगररेस टाका. पाच सेकंदांत मुडदा. दिसतोही झकास.

खविस

@चकलीपोर, केलंय रे ते. मुडदा होऊन व्हाइटरनमध्ये शिरलो, तर पहारेकरी आपलं गुडघ्यातल्या बाणाचं पुराण लावून उभा. भर बाजारात प्रेत उभं आहे आणि बाई शांतपणे कोबी विकतेय.

उलट त्याच गेममध्ये अधिकृतपणे वेअरवुल्फ झालास की सगळे दरवाजे बंद. कुणाशी बोलता येत नाही, थैली उघडता येत नाही, दिसेल तो पळतो नाहीतर अंगावर येतो. 'डॉनगार्ड'मधल्या व्हॅम्पायर लॉर्डची तीच गत. एका टोकाला कुणाला काही फरक पडत नाही, दुसऱ्या टोकाला संसारच संपला. मला मधलं हवंय.

अण्णा ४८६

मधलं हवं असेल तर मॉरोविंड (२००२च तोही) बघा. त्यात व्हॅम्पायर झालात की बहुतेक लोक तोंडावर सांगतात, चालता हो. दुकानं बंद, प्रवास बंद. मोजकी माणसं मात्र बोलतात, आणि व्हॅम्पायरांची तीन घराणी आहेत, त्यांची वेगळी कामं मिळतात. बेथेस्डाला (मॉरोविंड आणि स्कायरिम दोन्ही त्यांचेच) तेव्हा हे सुचलं होतं. पुढे का सोडून दिलं देव जाणे. त्याच गेममध्ये मांजरासारख्या खजीत आणि सरड्यासारख्या आर्गोनियन लोकांना बूट चढत नाहीत, तोंड झाकणारी शिरस्त्राणं बसत नाहीत. खेळताना चरफडायला होतं, पण आपलं अंग वेगळं आहे हे विसरायला होत नाही.

आणि 'माइट अँड मॅजिक ८' (२०००) विसरू नका. मिनोटॉर, ट्रोल, व्हॅम्पायर, चक्क ड्रॅगनसुद्धा टोळीत घेता यायचा. मॉड न लावता! आमच्या इथल्या सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन पोरं तो ड्रॅगन घेऊन गावंच्या गावं भाजून काढायची.

अवांतर झालं. चालू द्या.

रकानेवाला

खविसराव, विषय आवडीचा आहे, सविस्तर लिहितो. स्क्रिप्ट इथे चिकटवली की ओळी मोडतात, म्हणून शब्दांत सांगतो.

या गेमची निम्मी अक्कल टूडीए फाइलींत आहे. साधे मजकुराचे तक्ते: ओळी आणि रकाने, रिकाम्या जागी चार फुल्या. कुठल्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडतात. आपल्या कामाचे दोन. 'रेशियलटाइप्स'मध्ये प्रत्येक जमातीची एक ओळ. शून्यावर ड्वार्फ, सहावर माणूस आणि सातच्या पुढे राक्षसमंडळी: १२वर गॉब्लिनवर्गीय, १५वर सरपटणारे, १८वर जायंट, २४वर मेलेले. त्यात 'प्लेअररेस' नावाचा रकाना आहे. तिथे शून्याचा एक केला की ती जमात खेळाडूला निवडता येते. शेजारी 'अपिअरन्स' रकाना आहे, त्यात 'अपिअरन्स' या दुसऱ्या तक्त्यातल्या ओळीचा क्रमांक द्यायचा. कागदावर एवढंच. जुन्या लेखांबरोबर मिळणारे तक्ते मात्र उचलू नका, ईईत रकाने वाढलेत. नेहमी गेममधूनच ताजा तक्ता काढून घ्या.

पण मी तुम्हाला या वाटेने पाठवणार नाही.

'अपिअरन्स' तक्त्यात 'मॉडेलटाइप' असा रकाना आहे. 'पी' म्हणजे खेळाडूचं शरीर. डोकं, छाती, दंड, पोटऱ्या सगळं सुटं, म्हणून चिलखत बदललं की अंगावर दिसतं. 'एस' म्हणजे साधा प्राणी, त्याच्या हातात काहीच दिसत नाही. 'एफ' आणि 'एल' म्हणजे हातात शस्त्र दिसतं, पण अंग एकसंध, त्यामुळे चिलखत घातलं तरी दिसत नाही. आकड्यांत मात्र धरलं जातं. कोबोल्डाच्या हातात शस्त्र दिसतं, डीकिन या गेममधल्या कोबोल्ड बार्डच्या (गवयाच्या) हातात तुम्ही पाहिलंच असेल. पण जमात निवडताना येणारा डोकं निवडा, गोंदण निवडा हा सगळा पडदा 'पी'वाल्यांसाठी आहे. एकसंध मॉडेल तिथे घुसवण्यापेक्षा जुन्या सर्व्हरवाल्यांची युक्ती बरी.

युक्ती अशी. कॅरेक्टर बनवताना 'सबरेस' नावाची मोकळी चौकट असते, हवं ते टाइप करा. गेम स्वतः त्या मजकुराचं काहीही करत नाही. तुम्ही हाफलिंग (बुटक्या माणसांची जमात) बनवा आणि तिथे कोबोल्ड लिहा. मॉड्यूलमध्ये (कथेच्या फाइलीत) खेळाडू आला की जी स्क्रिप्ट चालते (ऑनक्लायंटएंटर), तिने ती चौकट वाचायची आणि सेटक्रीचरअपिअरन्सटाइप या फंक्शनने रूप बदलायचं. वाचलेला शब्द आधी लहान अक्षरांत करून घ्या. लोक काय काय स्पेलिंग लिहितात!

जमातीचे गुण द्यायला अदृश्य कातडं वापरा. राक्षसांसाठी गेममध्ये चार खास जागा आहेत: दोन पंजे, एक चावा आणि एक कातडं. खेळाडूच्या थैलीच्या पडद्यावर त्या दिसतच नाहीत, त्यामुळे स्क्रिप्टने चढवलेलं कातडं खेळाडूला उतरवता येत नाही. अंधारात दिसणं, गुण कमीजास्त होणं, कशाचा त्रास होणं, सगळं त्या कातड्यावर लिहा.

मृण्मयी डी२०

रकानेवाला +१. हाफलिंगच का, ते मी सांगते, कारण हिशोब फार गोड जुळतो.

गेम डी अँड डीच्या (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलावर फासे टाकून खेळायचा खेळ) तिसऱ्या आवृत्तीवर आहे. ३.५च्या नियमांत कोबोल्डाला ताकद उणे ४, चपळाई अधिक २, काटकपणा उणे २. हाफलिंगला मुळातच ताकद उणे २ आणि चपळाई अधिक २ आहे. म्हणजे कातड्यावर फक्त ताकद अजून उणे २ आणि काटकपणा उणे २ लिहिलं की कोबोल्ड तयार. वर अंधारात दिसणं आणि नैसर्गिक कवचाचा १ गुण द्या. हाफलिंगचं नशीब आणि निर्भयपणा तेवढा फुकट पदरात पडतो. पडू दे, बिचाऱ्याला दुसरं आहे काय.

उन्हाचा त्रास मात्र विसरू नका. लख्ख उन्हात कोबोल्डाचे डोळे दिपतात आणि हल्ल्यातून १ गुण जातो. गेममध्ये दिवस आहे का, जागा घराबाहेर आहे का, जमिनीच्या वर आहे का, हे विचारणारी तीन वेगळी फंक्शनं तयार आहेत. तिन्हींचं उत्तर हो आलं की लावा दंड.

कोबोल्ड आणि गॉब्लिन सोपे पडतात कारण त्यांचा लेव्हल अॅडजस्टमेंट (जमात ताकदवान म्हणून वर धरायच्या लेव्हली) शून्य आहे. खरी मारामारी मोठ्या राक्षसांची. टेबलावर आमच्या ग्रुपमध्ये दर वेळी कुणीतरी ओगर मागतोच. ओगरची ताकद अधिक १०! पण त्याचे स्वतःचे ४ हिट डाइस (जमातीच्याच लेव्हली म्हणा) आणि वर अॅडजस्टमेंट २, म्हणजे एकही क्लास न घेता तो सहाव्या लेव्हलच्या बरोबरीचा. क्लासची पहिली लेव्हल घेतली की सातवी धरायची. नेव्हरविंटरच्या हिशोबात सातवीला २१,००० एक्सपी (अनुभवाचे गुण) लागतात, म्हणजे बाकीचे तिथवर येईपर्यंत ओगरने गप्प बसायचं. याच हिशोबाने मिनोटॉर आठव्या लेव्हलच्या बरोबरीचा, ट्रोल अकराव्या. गेमच्या इंजिनात ही सोयच नाही, त्यामुळे नुसतं रूप आणि आकडे दिले की पहिल्या दिवसापासून तुम्ही सगळ्यांना लाथाडत सुटता आणि तासाभरात कंटाळता. पीआरसीवाल्यांनी एक्सपीचा हा हिशोब स्क्रिप्टने बसवलाय, त्यासाठी तरी तो उघडून बघा.

निवांत

सगळं वाचलं. प्रामाणिक प्रश्न: एवढं करून मिळतं काय? शेवटी क्लिक करून उंदीर मारायचेच ना? रूप कुणाचं का असेना. दिवे घ्या.

खविस

@निवांत, दिवे घेतले.

मूळ कॅम्पेनचं उदाहरण देतो. नेव्हरविंटर शहरात महामारी आलीय, उपाय करायला वॉटरडीपहून आणलेले चार प्राणी पळालेत: ड्रायड, युआन-टी, कॉकट्राइस आणि इंटलेक्ट डिव्हाउरर. लेडी अॅरिबेथ आपल्याला सांगते, हे चौघे शोधून आणा, त्यांच्यापासून औषध बनवायचंय. आता हे सगळं ऐकत समोर उभा आहे गॉब्लिन, आणि बाई त्याच्याकडे बघून शहराचा शेवटचा आधार वगैरे म्हणतेय. त्याआधी अकादमीवर हल्ला होतो त्यातही गॉब्लिन आहेतच. म्हणजे तुमच्यासारखाच दिसणारा तुमच्यावर धावून येतो, आणि खोलीतला सोबती तुम्हाला पाहून दचकतसुद्धा नाही.

तुम्हाला हे खटकत नसेल तर खरंच काही मिळत नाही. मला खटकतं.

निवांत

हम्म. हे पटलं. अॅरिबेथने निदान एकदा तरी नाक मुरडायला हवं.

उत्तरध्रुव

स्टॉकहोमहून लिहितोय, इथे हिवाळ्यात दुसरं करण्यासारखं फार नसतं :)

एकट्याने खेळायचं नसेल तर अॅरेलिथ बघा. नेव्हरविंटरचा जुना ऑनलाइन सर्व्हर आहे, तिथे गॉब्लिन, कोबोल्ड म्हणून खेळणारी माणसं आहेत. तिथे प्रतिक्रिया स्क्रिप्टने द्यावी लागत नाही, कारण समोरचा खराखुरा माणूस असतो आणि तो त्याच्या पात्राला साजेसंच वागतो. माझा गॉब्लिन पहिल्यांदा जमिनीवरच्या वस्तीजवळ गेला तेव्हा दोघांनी एक शब्द न बोलता तलवारी उपसल्या. तिसरा मात्र थांबला आणि विचारलं, पाणी हवंय का? आम्ही तासभर बोलत बसलो. एनपीसीकडून (गेमने चालवलेल्या पात्राकडून) हे व्हायला काय काय लिहावं लागेल देवाला ठाऊक.

दिसण्याबद्दल एक. राक्षसांच्या मॉडेलांना खेळाडूंइतके हावभाव नसतात. बसणं, वाचणं, पिणं, प्रार्थना... कित्येक हालचाली त्यांच्यात नाहीतच. खानावळीत सगळे बाकावर बसतात आणि तुम्ही शेजारी ताटकळत. आम्ही मग शब्दांत लिहितो, 'जमिनीवर फतकल मारून बसतो'. एकट्याच्या खेळात तेही करून उपयोग नाही.

रकानेवाला

उत्तरध्रुव यांनी विषय काढलाच आहे तर हालचालींबद्दल अजून थोडं. 'अपिअरन्स'मध्ये 'वॉकडिस्ट' आणि 'रनडिस्ट' असे दोन रकाने आहेत. चालण्याच्या अॅनिमेशनच्या एका फेरीत मॉडेल किती अंतर कापतं, ते तिथे लिहिलेलं असतं. इंजिन त्यावरून पाय किती भरभर हलवायचे ते ठरवतं. आकडा खऱ्यापेक्षा मोठा टाकला की पाय संथ हलतात आणि अंग घसरत पुढे जातं. लहान टाकला की पाय शिलाई मशीनसारखे चालतात. कोबोल्डाला खेळाडूच्या वेगाने पळवलंत की दुसरा प्रकार थोडासा दिसणारच. मला विचाराल तर दिसू दे. एवढासा जीव माणसांबरोबर पळतोय, पाय भरभर हलायलाच हवेत.

मोठ्या राक्षसांची पंचाईत वेगळी. 'परस्पेस' हा रकाना शरीराभोवतीची जागा सांगतो. ती मोठी असली की दारातून जाता येत नाही, वाट शोधणारं गणित तिथेच गटांगळ्या खातं. ईईत सेटऑब्जेक्टव्हिज्युअलट्रान्सफॉर्म नावाचं फंक्शन आहे, त्याने ओगर पाऊणपट दिसायला लावता येतो. पण ते फक्त दिसणं. भोवतालची जागा तेवढीच राहते, दार अडतं ते अडतंच. तक्त्यातला आकडाही कमी करावा लागतो, आणि मग गर्दीत ओगर लोकांच्या अंगात घुसलेला दिसतो. दोन्हीतलं एक पत्करा.

सावंतवाडीकर

कोबोल्डांक मालवणी बोलूक लावा. गावची मंडळी प्रमाण मराठीत बोलतत आणि ह्यो आपलो, "माका काय इचारतास?" मजा येतली!

मृण्मयी डी२०

@सावंतवाडीकर, ऐकायला धमाल येईल हे मान्य. पण राक्षस, गडी, चोर दिसला की त्याच्या तोंडी बोली आणि नायक मात्र शुद्ध, हे आपल्याकडे नाटका-सिनेमांत इतकं झालंय की निदान इथे तरी नको. उलटं करा ना. ड्रोगनला मालवणी द्या! विषाने तळमळतानासुद्धा शिव्या घालणारा म्हातारा. कोबोल्डाचं पोर त्याच्याकडे वाढलंय, ते त्याच्यासारखंच बोलणार.

सावंतवाडीकर

ह्या लय बेस झाला. ड्रोगन आपलो माणूस.

रकानेवाला

उत्साहावर पाणी टाकतो, माफ करा. या गेममध्ये देवनागरी उमटत नाही. मजकूर एका बाइटच्या जुन्या अक्षरसंचात साठवला जातो, ईईतही तसाच आहे. मराठी लिहायचं तर रोमन लिपीत. वाचणाऱ्याला त्रास, पण आपण सगळे मोबाइलवर तसंच लिहीत मोठे झालोय.

आता खविसरावांच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो.

गटांचं गणित असं. प्रत्येक गटाचं दुसऱ्याबद्दलचं मत ० ते १०० मध्ये असतं. १०पर्यंत शत्रू, ११ ते ८९ तटस्थ, ९०पासून मित्र. गेममध्ये चार तयार गट आहेत: शत्रू, सामान्य लोक, व्यापारी, रक्षक. कोबोल्ड आलाय तर रक्षकांचं मत खाली ओढू, असं सगळ्यांच्या डोक्यात पहिल्यांदा येतं. करू नका. आकडा ११च्या खाली गेला की पूर्ण गट एकदम तुटून पडतो, आणि ज्याच्याकडून काम घ्यायचंय तोच मरतो. कथा तिथेच संपली.

गावकऱ्यांना तटस्थ ठेवा आणि त्यांचं वागणं बदला. सोपे उपाय आहेत. संभाषणाच्या प्रत्येक ओळीला अट लावता येते, स्क्रिप्टने हो म्हटलं तरच ती ओळ येते. अट एकच: सबरेसच्या चौकटीत कोबोल्ड आहे का? असेल तर गावकऱ्याचं पहिलं वाक्य वेगळं. एकच स्क्रिप्ट, ती पन्नास ठिकाणी लावा. दुकान उघडणाऱ्या ओपनस्टोअर फंक्शनला भाव चढवायचा आणि पाडायचा वेगळा आकडा देता येतो. कोबोल्डाला वीस टक्के महाग विका आणि त्याच्याकडून स्वस्तात घ्या. कुणी तोंडाने काही बोलायची गरज नाही, थैलीच बोलते. आणि घरांच्या दारांपुढे अदृश्य ट्रिगर टाका. कोबोल्ड आत शिरला की जवळची बाई एक वाक्य पुटपुटते आणि पोराला घेऊन मागे सरते. मागे सरायचं फंक्शन तयारच आहे, अॅक्शनमूव्हअवेफ्रॉमऑब्जेक्ट.

धाड घालणाऱ्या कोबोल्डांना मात्र शत्रूच राहू द्या. ते तुमच्यावर का धावतात? तुम्ही माणसांच्या घरात वाढलात म्हणून. एकाच्या तोंडी एक शिवी घाला, बाकी काही बदलायला नको.

खविस

हे भारी आहे. वाचनखूण साठवली. पण हिलटॉप म्हणजे अधिकृत मॉड्यूल. एनडब्ल्यूएम फाइलची कॉपी करून तिला एमओडी नाव दिलं की टूलसेटमध्ये (गेमबरोबर येणाऱ्या एडिटरमध्ये) उघडते, एवढं जमलंय. पण अनड्रेंटाइडचे तीन भाग आहेत, पहिला चॅप्टर, इंटरल्यूड आणि दुसरा. तिन्ही फाइलींत तेच परत करायचं? आणि मग मित्रांना द्यायचं तर बायोवेअरचं अख्खं मॉड्यूल वाटल्यासारखं होईल.

उत्तरध्रुव

वाटू नका. ईईत पॅच हाक आहे. हाक म्हणजे बदललेल्या फाइलींचं गाठोडं. बदललेल्या फाइली, म्हणजे संभाषणं, स्क्रिप्टा, कातडं, हे सगळं एका हाक फाइलमध्ये भरा, ती 'पॅच' फोल्डरमध्ये टाका आणि युजरपॅच या आयएनआय फाइलमध्ये तिचं नाव लिहा. पॅच हाक सगळ्यांच्या वर बसतो. त्यात त्याच नावाची फाइल सापडली की गेम मॉड्यूलमधली वापरत नाही. मूळ मॉड्यूलला हात लागत नाही, तिन्ही भागांना एकच हाक चालतो, आणि मित्रांना फक्त तुमची स्वतःची मेहनत जाते. ओव्हरराइड फोल्डरच्या भरवशावर राहू नका, मॉड्यूलच्या आतल्या फाइली त्याला जुमानत नाहीत.

एक काळजी घ्या. खेळाडू आत आल्यावर चालणारी मूळ स्क्रिप्ट उघडून तिच्यातलं सगळं जसंच्या तसं ठेवा आणि खाली तुमच्या ओळी जोडा. मूळ मजकूर उडाला तर कथेतल्या कुठल्या कुठल्या गोष्टी सुरूच होत नाहीत. ट्रिगर मॉड्यूलच्या नकाशात असतात, नवे टाकायचे तर नकाशाची फाइलही हाकमध्ये घ्यावी लागेल. सुरुवातीला संभाषणं आणि दुकानं एवढ्यावरच भागवा.

खविस

धागा वर काढतोय. पहिल्या चॅप्टरचं गाव झालं.

कातडं, उन्हाचा दंड, दुकानाचे भाव सगळं चालतं. ट्रिगर सोडून दिले. संभाषणांत जेवढं जमलं तेवढं केलं. मिशा ही सहाध्यायी नेहमीसारखीच बोलते, तिला काही फरक पडत नाही. दुसरी सहाध्यायी डॉर्ना आता आधी स्वतःची थैली चाचपते आणि मग बोलते (ती स्वतः चोरकलेतली, म्हणून तिच्याच हातून हे करवताना जास्त मजा आली). झॅनोसला सगळ्यांत जास्त ओळी दिल्या. तो म्हणतो, "आजवर गाव माझ्याकडे बघून कुजबुजत होतं. तू आलास, माझा भार हलका झाला." मूळ गेममध्ये तो इतका गर्विष्ठ आहे की हे वाक्य त्याच्या तोंडी चपखल बसलं.

ड्रोगनला मालवणी दिली, सावंतवाडीकरांनी व्यनितून सगळ्या ओळी तपासून दिल्या. रोमनमध्ये मालवणी वाचायला जड जाते, पण मोठ्याने वाचली की मस्त.

डीकिनचं काय करायचं हा घोळ अजून आहे. मुळात तो स्वतःला डीकिन म्हणतो आणि आपल्याला 'बॉस'. आता समोर त्याच्याच जातीचा आहे, आणि तोही ड्रॅगनच्या गुहेऐवजी माणसांच्या शाळेत वाढलेला. तरी बॉसच म्हणेल का? की हेवा वाटेल?

अण्णा ४८६

बॉसच म्हणू दे. पण पहिल्या भेटीत एकदा विचारू दे, तुझ्या मास्तराने तुला कधी उपाशी ठेवलं का? त्याचा मालक टायमोफरार ड्रॅगन असून त्याला कसं वागवायचा ते आपण पाहिलंय. खेळाडूला उत्तराचे तीन पर्याय द्या आणि डीकिनने तिन्हींवर गप्प बसावं.

मृण्मयी डी२०

अण्णा, जबरी. मला वाटतं तिन्ही नकोत. दोनांवर गप्प, तिसऱ्यावर लगेच गाणं म्हणायला लागावं. बार्ड आहे तो, फार वेळ गप्प बसला तर खोटं वाटेल.

चकलीपोर

मी नेव्हरविंटर घेतला शेवटी. हाफलिंग बनवला, सबरेसमध्ये कोबोल्ड लिहिलं, हाक टाकला, युजरपॅच केलं. आत गेलो तर हाफलिंगच. काय चुकतंय?

रकानेवाला

सबरेसमध्ये मराठीत लिहिलंत का?

चकलीपोर

...हो.

रकानेवाला

रोमनमध्ये लिहा आणि नवं कॅरेक्टर बनवा, जुन्यात ती चौकट परत उघडत नाही. खविसराव, स्क्रिप्टमध्ये चौकट ओळखता आली नाही तर खेळाडूला एक सूचना दाखवायची ओळ घाला. पुढच्या आवृत्तीत चालेल.

खविस

घातली. नवा हाक ज्यांना हवाय त्यांनी व्यनि करा, इंटरल्यूड अजून कच्चा आहे. डीकिनचं गाणं मृण्मयी लिहितेय.